चेरी, राणी आणि भिक्षुक : पडद्यावरील झाशीचे कर्तेपण

भारतीय अ‍ॅनिमेशनचा अभ्यास करू पाहणारा माध्यमविद्येचा विद्यार्थी सामान्यतः दोन रकाने आखून कामाला लागतो. एका रकान्यात स्टुडिओ, दुसऱ्यात दिग्दर्शक. ही पद्धत सोयीची आहे आणि तिने बरीच माहिती एकत्र आली, हे नाकारण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली आगकाड्यांना हालचाल देऊन केलेली ‘आगकाड्यांची मौज’, प्रभात फिल्म कंपनीचा १९३४ मधील ‘जंबूकाका’, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली स्थापन झालेले कार्टून फिल्म युनिट, त्या युनिटने जातककथेवरून १९५७ मध्ये केलेला ‘द बनियन डिअर’ आणि व्ही. जी. सामंत यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ मध्ये चित्रपटगृहांत आलेला ‘हनुमान’ या टप्प्यांनी हा इतिहास सांगितला जातो. यादीत मराठी नावे आणि महाराष्ट्रातील संस्था मुबलक असल्याने मराठी अभ्यासकाला ती वाचताना समाधानही वाटते. अडचण येते ती यादीतल्या एखाद्या कृतीजवळ थांबून तिची संहिता कोठून आली असे विचारू लागल्यावर. दोन्ही रकाने तेथे गप्प असतात.

अडचण नेमकी पाहायची तर झाशीचे उदाहरण घेणे उपयोगी ठरते. झाशी हे मराठी स्मृतीत खोल रुजलेले, पण हिंदी प्रदेशात वसलेले शहर आहे. नेवाळकरांचे घराणे मूळचे कोकणातले, राणी तांब्यांची लेक, दरबाराच्या व्यवहारात मराठी. आणि भोवताली बुंदेली बोलणारा मुलूख. झाशीतल्या एखाद्या माध्यमविद्येच्या विद्यार्थ्याने आपल्या शहराचे पडद्यावरील स्थान शोधायला घेतले, तर त्याच्या हाती सोहराब मोदी यांचा १९५३ मधील ‘झाँसी की रानी’, २००९ पासून दूरचित्रवाणीवर चाललेली त्याच नावाची मालिका आणि २०१९ मध्ये आलेले दोन चित्रपट सहज लागतील. रेषांनी काढलेली, अ‍ॅनिमेशनमधली झाशी मात्र त्याला राणीच्या नावाखाली शोधून सापडणार नाही. ती आहे सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ या १९७७ च्या चित्रपटात, लखनौच्या कथेत, काही सेकंदांपुरती. तेथे ती ना राणी आहे ना किल्ला. ती एक चेरी आहे.

हा प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील निवेदन अवधच्या नवाबांची आणि कंपनी सरकारच्या संबंधांची पार्श्वभूमी सांगते. वाजिद अली शाहने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी आपला मुकुट पाठवला होता. त्यावर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने एका खासगी पत्रात कुत्सित शेरा मारला आणि अवधचे राज्य ही एक चेरी असून ती केव्हातरी आपल्या तोंडात पडणारच, अशा आशयाचे वाक्य लिहिले. राय हे पत्र पकडतात आणि त्यातील उपमा रेखाटनात उतरवतात. चेरी एकामागून एक खाल्ल्या जातात : पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी. उरते ती अवधची. मग चित्रपट पुन्हा जिवंत नटांकडे वळतो.

प्रेमचंदांच्या १९२४ च्या मूळ कथेत यातले काहीही नाही. कथा हिंदीत आणि उर्दूत लिहिली गेली, दोन्ही रूपांत थोडे फरक आहेत, परंतु डलहौसीचे पत्र आणि चेरी या दोन्हींचा तिच्याशी संबंध नाही. रूपांतराच्या नेहमीच्या विवेचनात हे ‘दिग्दर्शकाने घातलेले’ म्हणून नोंदले जाते आणि प्रश्न मिटतो. खरे तर तो तेथे सुरू होतो. या प्रसंगाची एक संहिता इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्राची आहे. दुसरी संहिता रायांच्या घरातली आहे : आजोबा उपेंद्रकिशोर हे मुद्रण आणि ठशांच्या तंत्राचे जाणकार, वडील सुकुमार राय हे ‘आबोल ताबोल’चे कर्ते, ज्यांच्या विनोदात शब्द आणि चित्र वेगळे काढता येत नाहीत, आणि स्वतः सत्यजित राय चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जाहिरात संस्थेत चित्रकार होते. अ‍ॅनिमेशनचे काम राम मोहन यांचे. ते १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये दाखल झाले. तेथे शिकवायला आले होते क्लेअर वीक्स, भारतात जन्मलेले आणि डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले. राम मोहन यांनी १९६९ मध्ये मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’साठीही अ‍ॅनिमेशन केले होते. म्हणजे बंगाली व्यंगपरंपरा, डिस्नेकडून मुंबईत आलेले शिक्षण आणि स्कॉटिश उमरावाच्या पत्रातला माज अशा तीन ठिकाणांहून ही चेरी पडद्यावर आली. विद्यार्थ्याच्या तक्त्यात चित्रपट रायांच्या नावे जमा होतो, राम मोहन त्यांच्या स्वतःच्या कृतींच्या यादीत जातात, आणि हा प्रसंग दोहोंच्या मध्ये पडून हरवतो. जिवंत चित्रणाच्या चित्रपटातील अ‍ॅनिमेशनला स्टुडिओच्या इतिहासात जागा नसते आणि दिग्दर्शकाच्या अभ्यासात ते ‘शैलीचा विशेष’ म्हणून एका वाक्यात संपते.

असे एकदाच घडले असते तर ते अपवाद म्हणून सोडून देता आले असते. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनमुळे दोन पिढ्यांना पाठ आहे. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट मात्र पंचतंत्र-हितोपदेश आणि जातक यांच्या सामाईक भांडारातली. लोकांना गाणे आठवते, फिल्म्स डिव्हिजनचे नाव आठवते. मुळे यांचे नाव सांगावे लागते. त्यांनी पुढे विसाव्या शतकातील परदेशी चित्रपटांनी भारताची जी प्रतिमा उभी केली तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला (२०१०), आणि त्याच्या शीर्षकात राजे आणि योगी आहेत, ही गोष्ट चेरीच्या संदर्भात सहज आठवावी अशी आहे.

आता चेरीच्या कार्याकडे. भाषेतील रूढ लाक्षणिक प्रयोग शब्दशः घेऊन तो चितारणे, हे अ‍ॅनिमेशनचे आणि त्याआधी व्यंगचित्राचे जुने सामर्थ्य आहे. मराठीत इंग्रजांनी संस्थाने ‘घशात घातली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो वापरताना कोणालाही खरा घसा दिसत नाही. रेषा तो दाखवते. ‘खालसा’ या दरबारी शब्दामागे, दत्तकविधान नामंजूर करणाऱ्या खलित्यामागे, रेसिडेंटच्या अदबशीर भाषेमागे जी भूक होती ती एका घासात उघडी पडते. नटांकडून हे करवून घेणे अशक्य होते. डलहौसीचा वेष घातलेला नट खुर्चीत बसून फळे खाताना दाखवला असता तर प्रेक्षकाला फळे खाणारा एक माणूस दिसला असता, राज्य नव्हे. रेषेला शरीराचे ओझे नाही, म्हणून तिला राज्य आणि फळ यांना एकच करता येते. झाशीच्या खालसा होण्याचे इतके नेमके आणि इतके निर्दय दृश्यरूप दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने दिलेले नाही. राणीवरच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांनीही नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु या नेमकेपणाची किंमत मोजावी लागली आहे, आणि ती मराठी वाचकाच्या अधिक लवकर ध्यानात येते. पाच चेरींपैकी नागपूर, सातारा आणि झाशी ही तीन मराठी राज्ये. पंजाब १८४९ मध्ये युद्धाने गेला, ब्रह्मदेशाचा पेगू प्रांत १८५२ मध्ये युद्धानेच. सातारा १८४८ मध्ये, झाशी व नागपूर १८५४ मध्ये, ही तिन्ही युद्धाने गेली नाहीत. ती औरस वारस नाही, दत्तक मान्य नाही, या कारणाने गेली. एका ताटात वाढल्यावर हा फरक नाहीसा होतो. उपहासाच्या दृष्टीने तो नाहीसा होणे योग्यही आहे, कारण खाणाऱ्याच्या लेखी फरक नव्हताच. परंतु ज्यांना खाल्ले गेले त्यांचे सारे आयुष्य त्या फरकावर उभे होते. साताऱ्याच्या छत्रपतींसाठी रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले ते न्यायाच्या आशेवर. नागपूरच्या भोसल्यांच्या राजवाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला तेव्हा राण्यांनी आपला हक्क मांडला तो कागदावर. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले; त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव ठेवले होते. पुढचे कित्येक महिने राणीने जे केले ते खलिते लिहिण्याचे काम होते.

झाशी न देण्याविषयीचे राणीचे सुप्रसिद्ध उद्गार या संदर्भात तपासण्यासारखे आहेत. त्यांचे मूळ जॉन लँग या वकील-पत्रकाराच्या १८५९ मधील प्रवासवर्णनात सापडते. राणीने त्याला १८५४ मध्ये कायदेशीर सल्ल्यासाठी बोलावले होते, ती पडद्याआड बसली होती, आणि अपील, निवृत्तिवेतन, पुढची पावले यांची चर्चा चालली असता ते शब्द उच्चारले गेले. म्हणजे ते वकिलाशी झालेल्या बोलण्यातील शब्द आहेत, युद्धाला अजून चार वर्षे अवकाश होता. लोकस्मृतीने आणि पडद्याने त्यांना घोड्यावर बसवले. चेरीने कायदा गिळला आणि रणगर्जनेने वकील. परिणाम एकच झाला. दत्तकाचा अर्ज घेऊन बसलेली, मुद्दे मांडणारी विधवा राणी दोन्हीकडून अदृश्य झाली.

(‘चेरी’ हा शब्द हिंदीत आणि जुन्या मराठीत दासीसाठी येतो. तुलसीदासांच्या मंथरेने चेरी आणि राणी ही जोडी ज्या उपरोधाने वापरली आहे ती रामचरितमानसाच्या वाचकांना सांगायला नको. रायांच्या चित्रपटात हा श्लेष अभिप्रेत असण्याचे कारण नाही. पण अवधी मुलखाच्या कथेत हे इंग्रजी फळ येऊन पडते तेव्हा तो श्लेष कानाला जाणवल्याशिवाय राहत नाही.)

सोहराब मोदी यांच्या चित्रपटाकडे पाहताना उलटा अनुभव येतो. येथे स्टुडिओ आणि दिग्दर्शक हे दोन्ही रकाने अगदी काठोकाठ भरतात. मिनर्व्हा मूव्हीटोन ही मोदींची संस्था. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, राणीच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी मेहताब. टेक्निकलरमध्ये चित्रित झालेला हा पहिला भारतीय चित्रपट, आणि छायालेखनासाठी ‘गॉन विथ द विंड’शी नाव जोडले गेलेले अर्नेस्ट हॅलर यांना बोलावलेले. एवढी सामग्री असूनही चित्रपट व्यवसायात पडला. इंग्रजी आवृत्ती ‘द टायगर अँड द फ्लेम’ या नावाने निघाली. या साऱ्या नोंदी कोणत्याही कोशात मिळतात. त्यांच्यापेक्षा बोलकी गोष्ट ही की मोदींनी स्वतःसाठी राजगुरूची भूमिका ठेवली आहे. झाशीचे नाव इतिहासात अमर व्हावे अशी या राजगुरूची इच्छा आहे. तो धीट मनूला हेरतो, तिचे लग्न वयस्क गंगाधररावांशी घडवून आणतो आणि तिला शस्त्राचे व राज्यकारभाराचे शिक्षण देतो. राणी घडवणारा राजगुरू आणि राणीचा चित्रपट घडवणारा दिग्दर्शक यांच्यात मग अंतर उरत नाही. पारशी रंगभूमीच्या संस्कारातून आलेली मोदींची खणखणीत संवादफेक ही समजूत आणखी पक्की करते. कर्तेपणाचा दावा इतक्या उघडपणे कथेच्या आत येऊन बसल्याचे उदाहरण विरळा. दिग्दर्शकाच्या रकान्यावर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाला हा चित्रपट म्हणूनच फसवतो : त्याला वाटते, कर्ता सापडला.

वास्तविक १९५३ पर्यंत झाशीच्या राणीची कथा अनेक हातांतून गेली होती, आणि ते हात एकमेकांशी भांडत होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे मराठी चरित्र १८९४ चे. ब्रिटिश अंमलात लिहिताना त्यांनी राणीला परिस्थितीने युद्धात ओढलेली, मुळात कंपनीशी सलोखा इच्छिणारी अशी रंगवली. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ ची. वर्मा झाशीत वकिली करणारे, त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडलेले. कादंबरीच्या प्रास्ताविकात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की पारसनीसांचे प्रतिपादन त्यांना पटले नाही. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले त्याच्या विरुद्ध जात होते, आणि राणी स्वराज्यासाठी लढली हे सिद्ध करायचे होते. एका मराठी चरित्राला दिलेले उत्तर म्हणून हिंदीतली एक महत्त्वाची ऐतिहासिक कादंबरी उभी राहते, ही तौलनिक साहित्याभ्यासाने फार थोडी दखल घेतलेली बाब आहे. महाश्वेता देवींचे ‘झाँसीर रानी’ हे पहिले पुस्तक १९५६ चे. त्यासाठी त्या झाशी-ग्वाल्हेर भागात हिंडल्या, लोकगीते गोळा केली, राणीच्या माहेरच्या तांबे घराण्यातील वंशजांचे साहाय्य घेतले. मराठी, हिंदी, बंगाली अशी ही ये-जा चालू असताना मोदींचा चित्रपट मध्येच येतो आणि वाद मिटल्यासारखे दाखवतो. तो मिटलेला नाही. २००७ मधील जयश्री मिश्रा यांच्या इंग्रजी कादंबरीवर पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात बंदी आली, आणि ‘मणिकर्णिका’च्या चित्रीकरणावर २०१८ मध्ये आक्षेप उठले तेही त्या कादंबरीच्या आधारे चित्रपट बेतला असल्याच्या संशयावरून. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांना निदान एवढे कळले होते की चित्रपटामागे पुस्तक शोधावे लागते.

‘मणिकर्णिका’वर थांबण्यासारखे फारसे नाही. दिग्दर्शक म्हणून क्रिश आणि कंगना राणावत अशी दोन नावे लागली आणि श्रेयावरून जाहीर वाद झाला. त्यामुळे दिग्दर्शकाचा रकाना येथे आपोआपच मोडतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कस्थित स्वाती भिसे यांचा इंग्रजी चित्रपट आला, मुख्य भूमिकेत त्यांची कन्या देविका भिसे. परदेशस्थ मराठी घराने राणीकडे पुन्हा वळण्याचे हे उदाहरण स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. माध्यमविद्येच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आजच्या ऐतिहासिक चित्रपटांत किल्ल्याचे बुरूज, सैन्याची दाटी, आगीचे लोळ हे बहुतांशी संगणकावर तयार होतात, आणि ते करणाऱ्यांची नावे शेवटच्या नामावलीत झरझर वर जातात. १९७७ मध्ये अ‍ॅनिमेशन उघडपणे रेषा म्हणून समोर आले होते आणि म्हणून ते काहीतरी म्हणू शकले. आता ते छायाचित्राच्या पोटात शिरले आहे आणि खरे दिसणे एवढेच त्याचे काम उरले आहे. झाशी जितकी हुबेहूब दिसू लागली तितकी तिच्याविषयीची टीका कमी झाली.

या सगळ्यांच्या आधीची, आणि झाशी आतून पाहिलेली, एक मराठी संहिता उपलब्ध आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेत निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्याच्या हेतूने; बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी त्यांना लागली होती. वाटेत बंड पेटले. १८५८ च्या मार्चअखेर ह्यू रोज याने झाशीला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले, तेव्हा गोडसे भटजी शहरात होते. राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, घोड्यांची पारख, दरबारात बसताना केलेला पुरुषी वेष आणि एरवीचे पांढरे पातळ, हे सारे ते अशा तपशिलाने देतात की मागाहून आलेल्या बहुतेक चित्रणांचे मूळ येथे दाखवता येते. पण त्यांची खरी नजर राणीपेक्षा शहरावर आहे. वेढ्याच्या रात्री, पाण्याची चणचण, घरांतून लपलेली माणसे, शहर पडल्यावरची कत्तल, आणि मग लूट. ही लूट ते भांडारगृहाची नोंद करावी तशी सांगतात : आधी कोणत्या जातीच्या वस्तू गेल्या, नंतर कोणत्या, शेवटी काय उरले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांना माणसांच्या मृत्यूइतकाच लागतो.

गोडसे यांच्या गंगाधररावांकडे पाहिले की रायांचा वाजिद अली शाह आठवतो. गंगाधररावांना नाटकाचा नाद, स्त्रीभूमिकेची आवड, आणि गोडसे सांगतात त्याप्रमाणे स्त्रीवेष धारण करून बांगड्या भरण्याची रीत. इंग्रज अधिकाऱ्याने याविषयी विचारले असता त्यांनी दिलेल्या उत्तराची हकीकत गोडसे नोंदवतात. तिचा आशय असा की तुम्हीच सर्व राजांना बांगड्या भरल्या आहेत, मग आम्ही निराळे काय करतो. ही हकीकत ऐकीव आहे. तिचा वाङ्मयीन अर्थ मात्र ऐकीव नाही. लखनौचा राजा नृत्यनाट्यात रमला म्हणून नालायक ठरला, झाशीचा राजा नाटकात रमला म्हणून विक्षिप्त ठरला. दोघांवरचा ठपका एकाच दफ्तराचा. रायांच्या वाजिद अलीवरही तो बायकी दाखवला असल्याची टीका ‘इलस्ट्रेटेड वीकली’त झाली आणि रायांनी तिला तेथेच उत्तर दिले. गोडसे भटजींच्या पानांवर तो ठपका राजाच्याच तोंडून उलटवला गेला आहे, आणि तोही एका उपमेने, जी डलहौसीच्या चेरीला तोडीस तोड आहे. एकीकडे खाणाऱ्याची उपमा, दुसरीकडे खाल्ल्या गेलेल्याची. रायांनी पहिली चितारली. दुसरी कोणीही चितारलेली नाही.

रेषेच्या माध्यमाला ‘माझा प्रवास’ मानवेल, असे वाटण्यामागे आणखीही कारण आहे. गोडसे यांचे निवेदन वीररसाचे नाही. ते घाबरतात, दक्षिणेचा हिशेब ठेवतात, जे मिळाले ते वाटेत लुटले जाते, पुन्हा मिळवतात, आणि अखेरीस आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन चालत राहतात. भय आणि विनोद एकाच वाक्यात नांदवण्याची ही रीत नटाच्या चेहऱ्याला जड जाते. पटकथाकार तिच्यातून एक तर भीरू विदूषक काढील किंवा शोकमूर्ती. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी पराभूत राणीची आणि त्यांची गाठ पडते, धुळीने माखलेली राणी तहानलेली असते, आणि भटजी पाणी देण्यासाठी पुढे होतात. या प्रसंगाला सजावट चालत नाही. टेक्निकलरने तो झाकोळला असता. दोन रेषा, एक विहीर, एक घोडा एवढ्यावर तो उभा राहू शकतो.

यांपैकी एकाही चित्रपटाने गोडसे यांना निवेदकाच्या जागी बसवलेले नाही. याला केवळ उपेक्षा म्हणता येणार नाही. संहितेचे कर्तेपणही सरळ नाही. गोडसे यांनी ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने १८८३ च्या सुमारास लिहिली. ती छापून निघाली १९०७ मध्ये, वैद्यांच्या संपादनासह, आणि त्या संपादनात मजकूर कापला गेला व भाषा बदलली गेली. मूळ हस्तलिखिताप्रमाणे शुद्ध पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर बाहेरच्या भाषांत जे गेले ते वैद्यांच्या हाताखालून गेलेले. मोदींना १९५३ मध्ये गोडसे हवेच असते तरी मिळाले असते ते संपादित गोडसे. २०११ ते २०१४ या काळात इंग्रजीत एकापाठोपाठ तीन भाषांतरे झाली, मृणाल पांडे यांचे, सुखमणी रॉय यांचे आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचे. तिन्हींची शीर्षके वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येक शीर्षक पुस्तकाला वेगळ्या वाङ्मयप्रकारात बसवते : इतिहासात, हालअपेष्टांच्या कहाणीत, साहसकथेत.

झाशीतला हिंदी वाचणारा विद्यार्थी यांपैकी कोणत्याच भाषांतराकडे आधी जाणार नाही. त्याच्या हाती पडेल ते अमृतलाल नागर यांचे हिंदी भाषांतर. नागर स्वतः लखनौचे, आणि वाजिद अलीच्या शहराच्या कादंबरीकाराने झाशीच्या मराठी भिक्षुकाला हिंदीत आणावे यात एक औचित्य आहे. भाषांतराचे नाव ‘आँखों देखा गदर’. मराठी शीर्षकातला प्रवास त्यात उरला नाही आणि तो करणाराही नाही. उरले डोळे आणि गदर. ग्रंथालयाच्या सूचीत ते बहुधा इतिहास विभागात आणि नागरांच्या नावाशेजारी सापडते, चित्रपट-अभ्यासाच्या कपाटापासून बरेच दूर.